सेशनच्या नोट्समध्ये नेमकं काय लिहायचं?

नवी_खुर्ची
एम.ए. करून नाशिकला एका सायकिॲट्रिस्टच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून बसते. डॉक्टरांची आणि माझी फाईल एकच, रिसेप्शनवरच्या कपाटात. (पुढचे तपशील ओळख पटू नये इतपत बदललेत.) एका बाईंनी सांगितलं, ऑफिसातल्या एकाशी संबंध आहेत, नवऱ्याला पत्ता नाही. घटस्फोटाचं बोलणं सुरूच आहे. नवरा सोडायला येतो, बाहेर बसतो आणि मला गाठून विचारतो, "काय म्हणते ही?" त्याच सेशनमध्ये त्या सहज म्हणाल्या, "कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये."
नोट लिहायला घेतली तर दीड पान झालं. फाडलं. मग उरलं, "वैवाहिक ताण. सपोर्टिव्ह सेशन." तेही पटेना. एक सीनियर म्हणते, खरं ते स्वतःच्या डायरीत लिही, फाईलीत कमीच ठेव. तुम्ही काय करता?

जुनी_फाईल
आधी डायरीचं मिटवू. ही युक्ती अमेरिकन पुस्तकांतून आलीय. तिथे हिपाच्या (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) नियमांत मुख्य रेकॉर्डपासून वेगळ्या ठेवलेल्या सायकोथेरपी नोट्सना जास्तीचं संरक्षण आहे. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असा चोरकप्पा नाही. वकिलाला अशिलाच्या बाबतीत कायद्याचं जे कवच आहे, तेही आपल्याला नाही. उद्या कोर्टाने मागवलं तर "ती माझी खाजगी वही" म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. सुपरव्हिजनसाठी, म्हणजे सीनियरशी आपल्या कामाची चर्चा करायला, वही ठेवायची तर नाव-गाव काढून, आणि तुमच्या मनात काय आलं तेवढंच. बाईंचं गुपित त्यात नको.

त्याच कायद्याचं कलम 25 रुग्णाला स्वतःचं रेकॉर्ड मागण्याचा हक्क देतं. गंभीर मानसिक हानी होईल अशी एखादी माहिती रोखता येते, पण मग याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते हेही त्यांना सांगावं लागतं. म्हणून मी नोट लिहिताना क्लायंट ती वाचणार असंच धरते. तुम्ही नवरा वाचणार असं धरलंत, म्हणून दीड पानाच्या दोन ओळी झाल्या.

संबंधांबद्दल: "नात्यासंबंधी एका निर्णयाबाबत द्विधा, घरी कळण्याची भीती" एवढ्यावर पुढचं काम चालतं. त्या माणसाचं नाव, कंपनी, कुठे भेटतात, काही नको. तो तुमचा क्लायंट नाही. "नवरा संशयी आहे" हेही नको, तुम्ही त्याला तपासलेलं नाही. "क्लायंटच्या सांगण्यानुसार पती फोन तपासतात" असं लिहा.

हात सैल सोडायचा तो "उठूच नये" या वाक्यावर. ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणात. मग तुम्ही काय विचारलंत: काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का. उत्तरं काय आली, त्यावरून काय ठरवलंत आणि का, डॉक्टरांना कधी कळवलंत. विचारलं नसेल तर नोट राहू दे, आधी फोन करा.

आणि नवऱ्याने विचारलं, तुम्ही नकार दिलात, हीसुद्धा नोंदच आहे. कपाटाला कुलूप आहे ना?

खडू_फळा
शाळेत काम करते. अल्पवयीन मुलांबाबत हा हिशेब उलटा होतो. लैंगिक अत्याचाराचं काही समोर आलं की पोक्सोच्या कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे "थोडक्यात" चालत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ, तुम्ही विचारलेला प्रश्नही. स्वतःचा अर्थ लावायचा नाही.

घाटावरचा
जुनी_फाईल, तुमचं पटतंय, पण सगळं नाही. इतकं गाळलं तर सहा महिन्यांनी केस माझ्याकडे आली की मी काय वाचू? "एका निर्णयाबाबत द्विधा" म्हणजे नोकरी सोडण्याचा निर्णय पण असू शकतो.

जुनी_फाईल
तुम्ही त्यांना विचाराल की! त्यांना पुन्हा सांगावं लागेल, हा त्रास आहे खरा. मी सेशन संपताना सरळ विचारते, "हे फाईलीत लिहू का?" बऱ्याच जणी "लिहा" म्हणतात. धोक्याच्या गोष्टी मात्र विचारून नाही, सांगून लिहिते.

नवी_खुर्ची
फोन केला, बोलणं झालं, डॉक्टरांनाही कळवलं. आता असं लिहिलंय:
"नात्यासंबंधी निर्णयाबाबत द्विधा, तपशील क्लायंटच्या इच्छेने नोंदवलेला नाही. 'कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये.' फोनवर विचारले असता योजना नाही, पूर्वी प्रयत्न नाही असे सांगितले. रात्री विचार वाढल्यास बहिणीला फोन करण्याचे ठरले. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवले. पतीने विचारणा केली, संमतीशिवाय माहिती देता येत नाही असे सांगितले."
कपाटाला कुलूप आहे, किल्ली त्यालाच लटकलेली असते. उद्या बोलते.

जुनी_फाईल
झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर घरात किती आहेत आणि कोणाच्या ताब्यात, ते विचारून लिहा. पुढची भेटही आधीची घ्या. फोनची नोंद वेगळी करा, त्या दिवसाची तारीख-वेळ टाकून. सेशनच्या नोटमध्ये मागाहून घुसडू नका.