सेंच्युरियनचा रंग दाणेदार झाला आणि एक प्लेट वितळली, वाचवता येईल का? (१/३५)

अक्कलकोट_रोड:

नमस्कार मंडळी, मी चार वर्षं मॉडेल करतोय पण आतापर्यंत सगळी विमानंच केली, रणगाडा हा पहिलाच. तामिया कंपनीचं १/३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) सेंच्युरियन रणगाड्याचं किट घेतलंय. कारण असं की माझे मोठे काका ईएमईमध्ये (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) व्हेइकल मेकॅनिक होते, १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी पंजाबातल्या शकरगडच्या बाजूला याच गाड्यांवर त्यांनी काम केलंय, आणि १४ जूनला घरी त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम आहे. बाकीचे शाल, चांदीची वाटी वगैरे देणारेत, मला वाटलं आपण काकांना त्यांची गाडी द्यावी.

जोडणी चांगली झाली, काही प्रॉब्लेम नाही. घोळ रंगात झाला. एअरब्रश नाही म्हणून ऑलिव्ह ग्रीनचा स्प्रे कॅन आणला आणि रविवारी दुपारी गच्चीवर मारला. मारताना छान वाटलं, वाळल्यावर हात फिरवला तर अख्खी गाडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत! त्यात आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, सुताचे बारीक तंतू उडत येतात, ते पण चार-पाच ठिकाणी रंगात बसलेत. मग मी अजून एक चूक केली, साइडची एक प्लेट पुसून बघू म्हणून गाड्यांच्या रंगाचं थिनर फडक्यावर घेतलं आणि घासलं, तर प्लास्टिकच मऊ झालं, माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात उमटलाय, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. प्लेटा अजून गाडीला चिकटवल्या नाहीत एवढंच नशीब.

नवीन किट मागवायला वेळ पण नाही आणि बजेट पण नाही. सगळा रंग काढून परत करू का? आणि त्या प्लेटचं काय?

वॉटरपेपर_१०००:

दादा, आधी ते थिनर घराबाहेर ठेवा. एनसी थिनर म्हणतात ते हेच, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं, किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीनच असतं. रंग काढायच्या भानगडीत पडूच नका, गरज नाही.

दाणे का आले ते सांगतो म्हणजे परत होणार नाही. मे महिन्यात सोलापूरची दुपार म्हणजे ४२-४३ डिग्री, हवा कोरडी ठाक. कॅनमधून निघालेला थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो, मग तो पसरत नाही, पावडर होऊन बसतो. तुम्ही लांबून पण मारला असणार, वारा पण असणार. मी जुळे सोलापुरात राहतो, उन्हाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला रंग मारतो, नंतर दिवसभर हात लावत नाही. खोलीत मारायचं (खिडकी उघडी, पंखा बंद, तोंडाला मास्क), त्याआधी फरशीवर थोडं पाणी शिंपडून घ्यायचं, अंगणात सडा मारतो तसं, म्हणजे धूळ आणि ते सुताचं तूस खाली बसतं. १५-२० सेंटीमीटरवरून पातळ हात, एका जागी थांबायचं नाही. झालं की लगेच वरून मोठा डबा पालथा घालायचा. डबा आतून ओल्या फडक्यानं पुसलेला असावा. कॅन उन्हात ठेवू नका, नुसता रंगासाठी नाही, तो फुटतो.

आता झालेल्या रंगाचं: पूर्ण वाळू द्या दोन दिवस, मग १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा, कडांवर जोर नको. तूस सुईनं उचला. वरून एक पातळ हात मारला की गाडी नवीन.

नगरहून:

वरच्यांचं सगळं बरोबर आहे फक्त एक कळकळीची विनंती, टरेटला (तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागाला) वॉटर पेपर लावू नका!!

सेंच्युरियनचा टरेट ओतीव आहे, साच्यात ओतलेलं पोलाद, त्याचा पृष्ठभाग खरबरीतच असतो. खालचं हल, म्हणजे गाडीचं धड, मात्र प्लेटा वेल्ड करून केलेलं, ते सपाट. आमच्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये (१९९४ ला सुरू झालं) मी शाळेपासून जातोय, ओतीव टरेटवर हात ठेवून बघा, जात्याच्या पाळीसारखा लागतो. आम्ही हा खरबरीतपणा आणायला मुद्दाम पातळ पुट्टी ताठ ब्रशनं टोचून टोचून लावतो आणि तुम्हाला तो आयता मिळालाय. जुन्या टूथब्रशनं फक्त सुटे दाणे झाडा आणि सोडून द्या. टरेटचं छत मात्र सपाट प्लेटचं आहे, तेवढं घासा. हल गुळगुळीत आणि टरेट खरबरीत, एवढ्या फरकानं सुद्धा बघणाऱ्याला लोखंड दिसायला लागतं, प्लास्टिक दिसत नाही.

आणि वितळलेली प्लेट लावूच नका ना. त्या बझूका प्लेटा (चाकं झाकणाऱ्या बाजूच्या प्लेटा) पातळ पत्र्याच्या, झाडाला घासून वाकतात, चिखल भरला की निघतात, जुन्या फोटोत कितीतरी गाड्यांची एखादी प्लेट गायब असते. पण मग आतलं दिसणार. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीत, हॉर्स्टमन सस्पेंशन. ते रंगवलंय का तुम्ही? बहुतेक जण प्लेटामागं झाकलं जाणार म्हणून सोडून देतात.

किट_आणि_कटिंग:

प्लेट ठेवायची असेल तर वरून ताडपत्रीची गुंडाळी लटकवून झाकता येईल, टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून मस्त होते. जाळी पण करा, मेडिकलमधली गॉज पट्टी चहाच्या पाण्यात रंगवून. आणि शकरगड म्हणताय तर टरेटवर 'फामागुस्ता' लिहा की! सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा सेंच्युरियन, बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१, परमवीर चक्र, वय फक्त २१, जन्म आपल्या पुण्याचा. बघणाऱ्याला लगेच कळेल. चिखलासाठी शेतातली काळी माती चाळून लावा, आपल्याकडं काय कमी आहे.

अक्कलकोट_रोड:

सगळ्यांचे मनापासून आभार. टरेटचं ऐकून खरंच जिवात जीव आला, रात्रभर डोक्यात तेच होतं.

सस्पेंशन नाही रंगवलं 😔 नगरहून म्हणाले तसंच, झाकलं जाणार म्हणून राखाडी प्लास्टिकच ठेवलंय, पट्टे पण चढवून झालेत. ब्रशनं करतो आता.

फामागुस्ताचं मी पण आधी ठरवलं होतं. पण काकांची रेजिमेंट वेगळी, त्यांनी ती गाडी पाहिली पण नव्हती. ज्या पोरानं मरेपर्यंत ती गाडी सोडली नाही त्याचं नाव आपण आपल्या गाडीवर सजावटीला टाकायचं हे मनाला पटेना. बिननावाचीच ठेवतो.

मातीचं काय करू? काकांना गुपचूप विचारलं, म्हणजे असंच गप्पांत विषय काढला, की तुमच्या गाड्यांचा रंग कुठला होता ओ काका. म्हणाले, "हिरवा. पण हिरवा कुणाला दिसायचा? सगळी गाडी पिठाच्या गिरणीतनं काढल्यासारखी." मग इंजिनावर आले आणि तासभर तेच. मीटिओर इंजिन, बारा सिलिंडर, २७ लिटरचं, विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं, पेट्रोल किती प्यायचं, सगळं बोटं नाचवत सांगत होते. गेल्या दोन वर्षांत एवढं बोललेले मी ऐकले नाहीत.

नगरहून:

मग उत्तर काकांनीच दिलंय की. काळी माती अजिबात नको. ती आपली, बेसॉल्टची, ओली झाली की काळी कुळकुळीत, बुटाला किलो-किलो चिकटते. तिकडं पंजाबचा गाळाचा प्रदेश, माती फिकट, राखाडी-पिवळसर, वाळली की पिठासारखी उडते. काळी माती लावली तर गाडी शकरगडची नाही, मंगळवेढ्याची दिसेल.

मी असं करतो: खडूची पावडर, पांढरी जास्त, त्यात थोडा पिवळा आणि चिमूटभर गेरू, मलमलच्या कापडातनं दोनदा गाळून. गाळण्यात कंटाळा करू नका, १/३५ ला एक जाड कण म्हणजे धोंडा दिसतो. वरच्या भागावर कोरडी पावडर मऊ ब्रशनं, कोपऱ्यात जास्त, जिथं माणसं चढतात-उतरतात तिथं कमी, तिथला हिरवा दिसला पाहिजे. चाकं आणि पट्ट्याजवळ तीच पावडर पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून, थोडा तपकिरी रंग घालून, कारण ओली माती गडद असते. डिसेंबर, नदीकाठ, म्हणजे खाली ओलं वर कोरडं. मागच्या फेंडरवर दोन्हीकडं सायलेन्सर आहेत ते विसरू नका, ते तापून गंजलेले असतात, हिरवे ठेवू नका.

आणि प्लेट काढणार असाल तर पट्ट्याकडं बघा. किटचा पट्टा मऊ रबरी, तो वरच्या रोलरवर बेल्टसारखा ताणून राहतो, खरा पट्टा लोखंडाचा, वजनानं बसतो. काळ्या दोऱ्यानं रोलरशी बांधून खाली ओढा. सोलापुरात दोऱ्याला काय तोटा!

वॉटरपेपर_१०००:

डिकल (किटमधली चिकटवायची चिन्हं-नंबर) लावायच्या आधी ग्लॉस वार्निश मारा हां. मॅट रंगावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकतं. आधी ग्लॉस, मग डिकल, मग वॉश (खाचाखोचांत उतरणारा पातळ गडद रंग), शेवटी मॅट, आणि त्याच्यानंतर माती. वॉश टर्पेंटाइनमधला असेल तर तो रंगवलेल्या भागावरच, उघड्या प्लास्टिकच्या सांध्यात साचू देऊ नका, तडे जातात. प्रत्येक थराला एक रात्र. १४ जूनला अजून तीन आठवडे आहेत, आरामात होतंय.

अक्कलकोट_रोड:

कार्यक्रम झाला, सांगायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

रंग पहाटे सहाला मारला, फरशीवर पाणी शिंपडून, डबा पालथा घालून, एकसुद्धा तंतू बसला नाही. हल घासलं, टरेट तसाच ठेवला. बसायच्या खोलीत ट्यूबलाइट तिरपी पडते त्यात तो टरेट खरंच ओतल्यासारखा दिसतो. वितळलेली मधली प्लेट लावली नाही. आतली चाकं ब्रशनं रंगवायला चार संध्याकाळी गेल्या. खडूची धूळ आईच्या मलमलच्या ओढणीतनं गाळली (जुनी होती).

ओवाळून झालं, शाली झाल्या, मग मी खोकं दिलं. काकांनी चष्मा बदलला. आधी टरेट, बॅरल वगैरे काही नाही, सरळ त्या मोकळ्या जागेतनं आत बघितलं, नखानं चाकं मोजली सहा, मग बोट पट्ट्याच्या झोळावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे." एवढंच. परत पाच मिनिटं काही बोलले नाहीत, काकूंनी पाणी आणून दिलं.

मग विचारलं, "टो केबल कुठाय?" मी लावलीच नव्हती, किटमधली जाडजूड दिसत होती म्हणून. म्हणाले, केबलशिवाय गाडी लाइनमधनं बाहेर काढायचो नाही आम्ही, अडकली तर ओढणार कशानं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, ये म्हणून. गेलो तर त्यांनी जुन्या इस्त्रीची वायर सोलून तांब्याच्या तारा काढून ठेवलेल्या, एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरं टोक पक्कडीत धरून पिळत बसलेले. हात थोडा थरथरतो आता त्यांचा, पण पीळ एकसारखा आलाय. दोन्ही टोकांना वळवून डोळे पण त्यांनीच केले.

केबल माझ्याकडं आहे. तांब्यावर रंग थेट बसेल का, की आधी प्रायमर लागेल? रविवारी पहाटे मारायचाय.

वॉटरपेपर_१०००:

प्रायमर लागेलच, तांब्यावर रंग धरत नाही, सोलून निघतो. आधी टर्पेंटाइननं पुसून हाताचं तेल काढा, मग प्रायमर, मग काळपट पोलादी रंग. पीळ भरून जाईल इतका जाड मारू नका.