[मंडळ-यादी] पाडव्याचा हॉल, चर्चच्या अटी आणि बुधवारचं सूप

प्रेषक: सचिव
दिनांक: शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

मंडळी,

पाडवा यंदा गुरुवारी, १९ मार्चला आहे. कार्यक्रम शनिवारी, २१ तारखेला, नेहमीच्याच चर्चच्या हॉलमध्ये. हॉल मिळाला आहे, पण काल चर्चच्या ऑफिसातून मेल आली. सजावटीसाठी शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या आत येऊ नये. ढोल-ताशा पार्किंगमध्ये नको, हॉलच्या आत दारं लावून चालेल. आणि कार्यक्रमानंतर उरलेली फुलं चर्चमधल्या वेदीवर नेऊन ठेवू नयेत. (गेल्या वर्षी कुणीतरी झेंडूचे हार मोठ्या प्रेमाने तिथे ठेवून आलं. कोण ते मला माहीत आहे, यादीवर लिहीत नाही.)

त्यांचा लेंट चालू आहे म्हणे. कुणाला काही शंका असेल तर आत्ताच विचारा, २० मार्चला रात्री फोन नकोत.

— सचिव


प्रेषक: नाना
दिनांक: शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

> सजावटीसाठी शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या आत येऊ नये

भाडं पूर्ण घ्यायचं आणि वर अटी. साडेसातला सुरू केलं तर कमान उभी राहायला रात्रीचे बारा वाजतात. मी सत्तरीचा माणूस, शिडीवर कोण चढणार?

आणि हा लेंट आहे तरी काय? बुधवारी आमच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट कपाळाला काळं लावून बसली होती. काहीतरी लागलंय असं समजून मी तिला टिश्यू दिला. ती हसली आणि कामाला लागली. घरी आल्यावर मुलीने माझी शाळा घेतली.

— नाना


प्रेषक: शरणपूरवाली
दिनांक: रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी, नाना,

ती मेल मीच पाठवली होती. ऑफिसातल्या बाई तापाने झोपल्या आहेत, म्हणून त्यांच्या खात्यावरून मी लिहिली. इंग्रजीत लिहिल्यामुळे जरा सरकारी झाली असेल.

मंडळात मला चौदा वर्षं झाली आणि त्या चर्चमध्ये अकरा. दोन्हीकडे खुर्च्या त्याच मांडते. इकडचं तिकडे फारसं बोलले नाही इतकंच. आता नानांनी विचारलंच आहे तर सांगते, लांबलं तर सोडून द्या.

माझं माहेर नाशिकचं, शरणपूरचं. पणजोबांपासून आम्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा निरनिराळी मंडळं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमचं देऊळही गेलं. इथलं आपल्या हॉलचं चर्च एपिस्कोपल, म्हणजे त्याच अँग्लिकन घराण्याची अमेरिकेतली पाती. स्वातंत्र्ययुद्धानंतर इथल्या माणसाला बिशप व्हायचं तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ आडवी यायची. म्हणून सॅम्युएल सीबरी १७८४ साली स्कॉटलंडला जाऊन अभिषेक घेऊन आला. मला मात्र इथे येऊन नव्याने काही व्हावं लागलं नाही. बिऱ्हाड बदललं, गोत्र तेच.

नाना, कपाळावरचं ते काळं म्हणजे राख. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेले झावळीचे क्रूस लोक वर्षभर घरात ठेवतात, लेंटच्या तोंडावर परत आणून देतात, आणि आम्ही ते जाळतो. सोपं वाटतं, पण वाळलेली झावळी धूर फार करते आणि खाली उरते चमचाभर. ती चाळायची, खलायची, थेंबभर तेलात कालवायची. पाणी घालायचं नाही. पाण्याने राख दाहक होते, कातडी भाजते. बुधवारी सकाळी सात आणि संध्याकाळी सात, अशी दोनदा ती कपाळावर लावतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. तान्ह्या बाळालाही तेच सांगतात, त्याच्या आईच्या कडेवर. अकरा वर्षं झाली तरी तेवढं ऐकताना मी दुसरीकडे बघते.

तिथून ईस्टरपर्यंतचा काळ म्हणजे लेंट. मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात. रविवार उपासात धरत नाहीत म्हणून चाळीस. नाशकात आम्ही याला उपवासकाळ म्हणायचो, आणि आजी तेवढे दिवस चहात साखर घालत नसे. इथे कुणी चॉकलेट सोडतं, कुणी वाईन, आमच्या एका आजोबांनी बातम्या सोडल्या आहेत आणि तेच सगळ्यांत जास्त कुरकुरतात. चर्चही काहीतरी सोडतं. आलेलुया हा शब्द उपासनेतून जातो, मुलं तो कागदावर रंगवून पेटीत बंद करतात. वेदीवर जांभळं वस्त्र येतं आणि फुलं बंद. झेंडूचं हेच झालं. रविवारी सकाळी सातला मी दार उघडलं तर बिनफुलांच्या वेदीवर तीन घसघशीत हार! उतरवले, टाकवेनात, घरी नेऊन वाळवले. त्यातली रोपं यंदा लावणार आहे. राग अजिबात नव्हता, पण पाळकबाईंना समजावताना माझी तारांबळ उडाली. ५ एप्रिलला, ईस्टरला, हवे तेवढे हार आणा. वेदी मीच सजवणार आहे.

आता शुक्रवारचं. लेंटमधल्या दर शुक्रवारी सहाला आम्ही क्रूसवाटेची प्रार्थना करतो. चर्चच्या भिंतींवर येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटेची चौदा स्थानं आहेत, एकेकापुढे थांबायचं, वाचायचं, गुडघे टेकायचे, पुढे जायचं. माणसं नऊ-दहा, त्यातल्या चौघांना गुडघे टेकता येत नाहीत. हॉल आणि चर्च यांच्यामधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. अकराव्या स्थानावर येशूला खिळे ठोकतात. गेल्या वर्षी आम्ही तिथे पोचलो आणि पलीकडून ठक्, ठक्, ठक्. आपली स्टेजची कमान. पाळकबाई वाचता वाचता थांबल्या, ठोकणं संपेपर्यंत थांबल्या, मग पुढे गेल्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, आज मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. मी मराठीत मनातल्या मनात नानांचं नाव घेतलं. तर साडेसातची अट ही.

चर्चमधली बहुतेक कामं आम्हीच फुकट करतो. पगारी माणसं तीनच: पाळकबाई, ऑर्गन वाजवणारे आणि ऑफिसातल्या बाई, त्याही अर्धवेळ. बाकी सगळा स्वयंसेवकांचा कारभार, अगदी आपल्या मंडळासारखा, भांडणांसकट. निवडून आलेल्या समितीला वेस्ट्री म्हणतात. त्यात दोन वॉर्डन असतात. थोरला पाळकांच्या बरोबरीने कारभार बघतो, धाकट्याच्या गळ्यात इमारत, म्हणजे बॉयलर.

मी आहे वेदीमंडळात, आल्टर गिल्डमध्ये. आम्ही पाच जणी, सगळ्यांत धाकटी मी, वय छप्पन्न. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि वाईन घेण्याच्या विधीच्या, आधी मांडामांड करायची, नंतर आवरायचं आणि कापडं धुवायची. प्याला पुसायच्या रुमालांवर वाईन असते, लिपस्टिकही असते आणि ती जाता जात नाही. या रुमालांचं पहिलं पाणी गटारात सोडत नाहीत. पवित्र वस्तूंच्या खोलीत एक वेगळं सिंक आहे, त्याचं पाणी थेट जमिनीत जिरतं. पहिल्या दिवशी हे दाखवलं तेव्हा मी पटकन 'निर्माल्य' म्हणाले आणि मग त्या चौघींना गोदावरीपासून सगळं सांगावं लागलं. मग इस्त्री. वेदीवरचं चौकोनी कापड उभं तिहेरी, आडवं तिहेरी दुमडायचं, नऊ घरं पडली पाहिजेत. शनिवारी सकाळचे दोन तास जातात. मला ते आवडतं. त्या दोन तासांत कुणी मला आई, मॅडम, काकू म्हणत नाही.

दुसरं काम, घरी खिळलेल्या लोकांकडे प्रभुभोजन घेऊन जायचं. त्याला बिशपचा परवाना लागतो. रविवारची उपासना संपली की छोटी पेटी घेऊन थेट निघायचं, वाटेत किराणा करत बसायचं नाही. माझ्याकडे एक जुने धाकटे वॉर्डन आहेत, नव्वदीचे. ते दर वेळी विचारतात, बॉयलर चालतोय का. भाकर मऊ झाली असं म्हणून मग घेतात. जानेवारीत बॉयलर खरंच बंद पडला होता, तेव्हा मी त्यांना 'चालतोय' म्हणाले. लेंटमध्ये कबूल करायला माझ्याकडे हे एक आहे.

पवित्र सप्ताहात तर घर आणि चर्च यांत फरक उरत नाही. गुरुवारी, २ एप्रिलला, पाय धुण्याचा विधी, मग दिवे मंद करून वेदी उघडी करायची. मेणबत्त्या, वस्त्रं, पुस्तकं एकेक करून आम्ही पाच जणी काढून नेतो, आणि तेवढा वेळ कुणी बोलत नाही. नंतर रात्रभर जागरण, एकेका तासाची पाळी. माझी दोन ते तीन. त्यातली पहिली वीस मिनिटं उद्याच्या कामांच्या यादीत जातात, पुढे झोप येते, आणि मग शेवटी पाच-दहा मिनिटं खरी प्रार्थना होते.

आता मुद्द्यावर येते. लेंटमधल्या पाच बुधवारी हॉलमध्ये साधं जेवण असतं, सूप आणि पाव, मग अर्धा तास वाचन. चाळीसेक माणसं येतात, त्यातली निम्मी चर्चची नसतात, त्यांना गरम जेवण हवं असतं. मांस नको एवढीच अट. ११ मार्च आणि २५ मार्च या दोन तारखांना यादीवर कुणाचं नाव नाही, कारण जी दोन कुटुंबं करायची त्यातलं एक फ्लोरिडाला गेलं आणि दुसऱ्यातल्या बाई वारल्या. आपण तो हॉल वर्षातून चार वेळा घेतो. भाडं देतो हे खरं. मला वाटलं विचारावं.

जाता जाता एक. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि तिथल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे कितीतरी अटींवरून वाद झाले, नानांपेक्षा कडक. १८८७ मध्ये त्यांच्या विधवागृहाला मदत करायला बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली. तिच्या उपाध्यक्षांत ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे पाळक फिलिप्स ब्रूक्स होते. ते चर्च म्हणजे कॉप्ली चौकातलं, आपण दिवाळीचे दिवे बघायला जातो त्याच्या शेजारचं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, एपिस्कोपल पंचांगात त्यांचं स्मरण त्याच तारखेला असतं. यंदा त्या दिवशी नेमका ईस्टर आहे, त्यामुळे त्यांचा दिवस झाकला जाणार. मी एक हार त्यांच्या नावाने ठेवणार आहे, कुणाला कळणार नाही.

— शरणपूरवाली


प्रेषक: नवीन सभासद (पीएचडी, तिसरं वर्ष)
दिनांक: सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

ताई, खूप भारी लिहिलंय. मी आणि माझे दोन रूममेट ११ मार्चला येऊ शकतो. दोन प्रश्न. आम्ही ख्रिश्चन नाही, चालेल का? आणि मी हे आईला सांगितलं तर ती विचारेल की तिथे तुला कुणी काही 'करून' तर घेणार नाही ना. तिला काय सांगू?


प्रेषक: शरणपूरवाली
दिनांक: सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

चालेल, धावेल. कांदे कापता येतात का, एवढंच विचारतील. वाचनाला थांबायचं की नाही ही तुमची मर्जी, निम्मे लोक थांबत नाहीत.

आईंना म्हणावं, १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक आणि रानडे पण गेले होते, आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, प्रायश्चित्तं झाली. धर्म कुणाचाच बदलला नाही, फक्त चहा महाग पडला. ते मिशन कौली फादर या अँग्लिकन साधूंचं. त्यांच्याच संघाचा मठ बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आहे, तुझ्या लॅबपासून लांब नाही. लेंटमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला मी कधीकधी तिथे जाऊन मागे बसते. चहा देत नाहीत, निश्चिंत राहा.


प्रेषक: नाना
दिनांक: मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

खिळे मीच ठोकत होतो. मला कुणी सांगितलं का? एक शब्द टाकला असता तर थांबलो असतो.

२५ मार्च आमच्याकडे. हिने विचारलंय, मसुराची आमटी सूप म्हणून खपेल का. फोडणी द्यायची की नाही? आणि कमान यंदा घरीच जोडून आणतो, तिथे फक्त उभी करायची. पावणेआठला येतो.

— नाना


प्रेषक: शरणपूरवाली
दिनांक: मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

नाना, फोडणी द्या, पण पंखा लावून. त्या किचनचा धुराचा अलार्म फार हळवा आहे आणि तो वाजला की फायर ब्रिगेड येते. मोहरी घरूनच तडतडवून आणलीत तर उत्तम. तिखट बेताचं. मोठं पातेलं हॉलमध्ये आहे, पण त्याचं झाकण २०१९ पासून सापडत नाही, तेव्हा वहिनींना त्यांचं आणायला सांगा आणि त्यावर नाव लिहून ठेवा.

भांडी आपणच घासायची असतात. साडेआठपर्यंत थांबावं लागेल.