पातळ मॉडेल की जाड? चोपड्याच्या उन्हात, शेतावर वापरायचा लॅपटॉप

ठिबकवाली, चोपडा

राम राम. मी ठिबक सिंचनाचं डिझाइन करते. सकाळी जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरायचं, ऊन चढलं की विहिरीजवळच्या निंबाखाली बसून ऑटोकॅडमध्ये (आराखडा काढायचं सॉफ्टवेअर) मेन, सबमेन (जमिनीत गाडायचे मोठे पाइप) आणि लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या) टाकायच्या आणि शेतकऱ्याला तिथल्या तिथे दाखवायचं की पाणी कुठून कुठे जाईल. केळीवाले आराखडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाइप उचलत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. एकदा गाडलेली सबमेन परत कोण उकरणार?

जुना लॅपटॉप सहा वर्षं चालला. गेल्या मे महिन्यात अडावद शिवारात ४४ अंशांत काम चाललं होतं. आधी कर्सर अडकायला लागला. मग काढलेली रेष दोन सेकंदांनी उमटायची. शेवटी झाकण मिटताना डाव्या बिजागरीपाशी कट्ट आवाज झाला आणि स्क्रीनची चौकट कोपऱ्यातून उकलली. बिजागरीचे स्क्रू शाबूत होते, पण ज्या प्लॅस्टिकात ते बसवले होते तेच मुळासकट उपटून आलं होतं. सर्व्हिस सेंटरने पूर्ण खालची बॉडी बदलायला सांगितली आणि ती बॉडी काही आली नाही. तेव्हापासून भावाच्या मशीनवर दिवस काढते आहे.

आता एकाच कंपनीची दोन नवी मॉडेलं बघितली आहेत. प्रोसेसर दोन्हींत तोच. पातळ मॉडेल १.२ किलोचं, ओलेड स्क्रीन चकचकीत, ४०० निट्स (उजेडाचं माप), १६ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, ७५०० वेगाची, बॅटरी ७० वॉट-तासांची, बाजूला फक्त दोन यूएसबी-सी. दुसरं जाड, १.६ किलोचं, मॅट स्क्रीन ३०० निट्स, रॅमचे दोन स्लॉट आणि त्यातल्या एकात १६ जीबीची ५६०० वेगाची पट्टी, बॅटरी ५२, एक यूएसबी-सी आणि शिवाय यूएसबी-ए, एचडीएमआय, लॅन. दुकानदाराने पातळचे ८४ हजार सांगितले, जाडचे ७६.

बॅटरी आणि वजन बघितलं तर पातळ. पण हल्ली ड्रोनचे फोटो जोडून नकाशा करावा लागतो, तेव्हा १६ जीबीत मशीन गुदमरतं. पुढे ३२ लागणारच. तुम्ही कशाला महत्त्व द्याल? कंपनी कुठली हे मुद्दाम लिहीत नाही, मला रचनेबद्दल ऐकायचं आहे.

अप-डाऊन, भुसावळ

ताई, पातळ घ्या. मी रोज रेल्वेने जातो-येतो. चारशे ग्रॅमचा फरक कागदावर काही वाटत नाही, खांद्याला महिन्याभरात कळतो. त्यातून तुमच्यासोबत जीपीएस, टेप, पाण्याची बाटली. खरं तर बिनपंख्याचाच बघा. मॅकबुक एअरला २०२० च्या एम१ पासून पंखा नाही, धूळ आत जायचा प्रश्नच मिटला.

सोल्डरवाला, गोलाणी मार्केट, जळगाव

ताई, मी अकरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो, त्यावरून तुम्ही ठरवा.

दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू झालं की चोपडा, धरणगाव, शहाद्याकडून मशीन यायला लागतात. तक्रार एकच असते, ‘गरम होतं, बंद पडतं’. उघडलं की पंखा दिसायला स्वच्छ. पंखा काढला की त्याच्यामागे तांब्याच्या बारीक पात्यांच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंची पट्टी बसलेली असते, निरांजनाच्या वातीसारखी दाबून वळलेली. चिमट्याने धरली की अख्खी एका ओढीत निघते. ब्रशने किंवा बाहेरून हवा मारून ती निघत नाही, उलट आणखी आत दबते. म्हणून माझा पहिला प्रश्न हा असतो की पंख्यापर्यंत पोचायला किती उघडावं लागतं. काही मशीनमध्ये खालचं झाकण काढलं की पंखा समोर असतो, तीन स्क्रूंचं काम. काही पातळ मशीनमध्ये पंखा बोर्डाच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणजे अख्खा बोर्ड बाहेर काढायचा, सगळ्या केबली सोडायच्या. दरवर्षी दोनदा हे करायचं म्हटलं तर कधी ना कधी एखादा कनेक्टर तुटतोच.

भुसावळच्या भाऊंचा बिनपंख्याचा मुद्दा धुळीपुरता अगदी खरा आहे. पण आपल्याकडचं ऊन धरा. प्रोसेसर साधारण १०० अंशांपाशी स्वतःचा वेग आवरतो. खोली २५ अंशांची असेल तर उष्णता बाहेर जायला ७५ अंशांचा उतार मिळतो. तुमच्या निंबाखाली ४५ असेल तर उतार उरला ५५. उतार कमी झाला की प्रवाह कमी, हे ठिबकवालीला मी काय सांगायचं. त्याच हीटसिंकमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधून) चौथाईहून जास्त उष्णता कमी बाहेर पडते. पंखा असेल तर निदान जोर लावून भरपाई होते, नसेल तर मशीन हळू होणार. अॅपल तर ३५ अंशांच्या वर यंत्र वापरू नका असंच सांगतं, आणि आपला मार्चच तिथे पोचतो.

बॅटरीचं मोठेपण बघताना एक लक्षात घ्या. ‘टचपॅड क्लिक होत नाही’ म्हणून लोक येतात. मी उघडतो तर टचपॅड चांगला, खाली बॅटरी फुगून त्याला वर ढकलत असते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि वरून उष्णता, ही जोडी लिथियमला सगळ्यात वाईट. दुपारी स्कूटीच्या डिकीत लॅपटॉप ठेवू नका, अगदी दहा मिनिटंही नको. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दोन्ही मॉडेलांत असेल, ती पहिल्याच दिवशी चालू करा. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर ती स्क्रूंनी बसवलेली आहे की डिंकाने चिकटवलेली, हे आज बघून घ्या.

बिजागरीचं तुमच्या बाबतीत जे झालं ते मी आठवड्याला तीन-चार बघतो. प्लॅस्टिकच्या खुंटीत पितळी नट गरम करून दाबलेला असतो. बिजागरीत धूळ गेली की ती जड होते, झाकण उघडताना सगळा जोर त्या नटावर येतो. दुकानात झाकण कोपऱ्याला धरून उघडून बघा. कीबोर्डाकडची चौकट वाकत असेल तर ते मॉडेल सोडा. बिजागरी धातूच्या चौकटीला जोडलेली असेल तर प्रश्नच नाही.

शेवटचं, चार्जिंगचं पोर्ट. पातळ मॉडेलमध्ये दोन्ही यूएसबी-सी बहुतेक थेट मदरबोर्डावर असतील. शेतात वायर ओढली जाते, पोर्ट हलतं, आणि मग बोर्डाचं काम निघतं. वेगळ्या छोट्या बोर्डावर पोर्ट असेल तर तो तुकडाच बदलायचा, अर्ध्या तासात मशीन परत. रॅमचंही तसंच आहे. सोल्डरची चिप गेली तर मी ती गरम हवेने काढून नवी बसवू शकतो, पण प्रत्येक वेळी जमेलच अशी हमी मी कुणाला देत नाही.

धुळेकर, सध्या पुणे

मी बोर्ड लेआउटचं काम करतो. दादांचं सगळं पटलं, फक्त सोल्डरच्या रॅमची दुसरी बाजू मांडतो, कारण ती निव्वळ कंपनीची लबाडी नाही.

स्लॉटमध्ये सिग्नलला प्रोसेसरपासून बोर्डावरून जायचं, मग स्लॉटच्या पिनेत चढायचं, मग पट्टीवरून चिपेपर्यंत. प्रत्येक सांध्यावर थोडा सिग्नल उलट फिरतो. वेग वाढवायचा तर ही वाट आखूड हवी, म्हणून चिपा प्रोसेसरच्या अगदी शेजारी सोल्डर करतात. या एलपीडीडीआर चिपा झोपेत असताना वीजही फार कमी खातात. आकड्यात सांगतो. पातळमध्ये ७५०० च्या वेगाने सेकंदाला १२० जीबी माहिती ये-जा करू शकते, जाडमध्ये दोन पट्ट्या लावल्या तर साधारण ९०. पण तुम्ही लिहिलंय की जाडमध्ये एकच पट्टी येते. तेव्हा अर्धी वाट बंदच, आकडा ४५ वर. आतल्या ग्राफिक्सला हीच मेमरी वापरायची असते, म्हणून ड्रोनचा नकाशा सरकवताना फरक जाणवेल. साध्या ऑटोकॅडमध्ये फारसा नाही. जाड घेतलंत तर दुसरी पट्टी त्याच क्षमतेची टाका, हे ऐच्छिक समजू नका.

या दोन्हींचा मेळ घालणारी कॅम२ नावाची पट्टी आहे. जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये तिचं मानक प्रसिद्ध केलं. बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूने दाबून बसवतात. तिच्याच कमी वीज खाणाऱ्या प्रकाराची पट्टी घेऊन २०२४ मध्ये लेनोवोचा थिंकपॅड पी१ लॅपटॉप आला. तुमच्या किमतीत ती सध्या मिळणार नाही, म्हणून तिची वाट बघू नका.

ठिबकवाली, चोपडा

दादा, तुम्ही वातीचं लिहिलं आणि मी भावाचा लॅपटॉप उघडायला लावला. हुबेहूब. हातात धरून बघितली, बोटाएवढी लांब. आमच्या गल्लीच्या टोकालाच जिनिंग आहे.

दोन गोष्टी विचारते. पातळ मॉडेल ३२ जीबीचं घेतलं तर? ते ९८ हजारांना आहे. आणि स्क्रीनचं कुणीच बोललं नाही, शेतात तर मला तेच पहिलं लागतं. शेतकरी बाजूने वाकून बघतो आणि त्याला स्वतःचं तोंड दिसतं, लॅटरल दिसत नाही.

सोल्डरवाला, गोलाणी मार्केट, जळगाव

३२ चं पातळ घेतलं तर रॅमची चिंता गेली, पण पंखा, पोर्ट आणि स्क्रीन तिथेच. चौदा हजार जास्त देऊन एकच प्रश्न सुटतो. जाडचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे करा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, ‘पुढे स्वस्तात टाकू’ हे गृहीत धरू नका. दुसऱ्या पट्टीचा आजचा भाव विचारून ७६ हजारांत मिळवा आणि मग तुलना करा.

स्क्रीनचं सांगतो. निंबाखालीसुद्धा आकाशाचा उजेड इतका असतो की ३०० आणि ४०० मध्ये तुम्ही समजता तेवढा फरक पडत नाही. चकचकीत आणि मॅट यातला फरक पडतो. चकचकीत काचेत मागचं आकाश, झाड, माणसं जशीच्या तशी दिसतात. मॅट त्यांना पसरवून पुसट करते. ऑटोकॅडची काळी पार्श्वभूमी शेतात पांढरी करा, काळ्यावर आरसा जास्त दिसतो. आणि इथेच ओलेड मागे पडतं. ओलेड काळ्या पडद्यावर वीज वाचवतं, पण पांढऱ्यावर सगळ्यात जास्त खातं. म्हणजे तुमच्या ७० वॉट-तासांचा फायदा शेतावर पूर्ण पदरात पडणार नाही. दिवसभर एकाच जागी राहणारे टूलबार ओलेडवर काही वर्षांनी डाग सोडू शकतात, तेही आहेच.

फुटली तर? ओलेडची काच पॅनेलला चिकटलेली असते, बहुतेक वेळा पूर्ण झाकणच बदलतात. जाडमध्ये साधं पॅनेल असेल, मागे तीस पिनांचा कनेक्टर. तसं पॅनेल मी दुसऱ्या कंपनीचं सुद्धा बसवतो. उद्या ४०० निट्सचं मॅट पाहिजे झालं तर तेही जमू शकतं.

डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या त्यांच्या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका वेबसाइटवर खुली ठेवतात. तुमच्या कंपनीचीही शोधा आणि पैसे देण्याआधी दोन्ही मॉडेलांची वाचा.

अप-डाऊन, भुसावळ

माझं मत मागे घेतो ताई. मी एसी ऑफिसात बसणारा, तुमचं काम वेगळं.

ठिबकवाली, चोपडा

काल रात्री दोन्ही पुस्तिका वाचल्या. चित्रं बघून कळतं, इंग्रजी फार लागत नाही.

पातळमध्ये पंखा काढायच्या आधी बोर्ड काढायचा, पायऱ्या सतरा. जाडमध्ये झाकण, बॅटरीची केबल, मग पंखा. चार्जिंगचं यूएसबी-सी जाडमध्ये वेगळ्या तुकड्यावर आहे आणि त्या तुकड्याला स्वतःचा पार्ट नंबर आहे. पातळमध्ये नाही. बॅटरी दोन्हींत स्क्रूंनी. कीबोर्ड मात्र दोन्हींत प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या चौकटीला ठोकलेला, म्हणजे एक बटण गेलं तरी अख्खी चौकट. याचं मला वाईट वाटलं. शेतात काम करणाऱ्याच्या हाताला माती असते, कीबोर्डच आधी जातो, आणि जाड मॉडेलमध्ये तरी तिथे चार स्क्रू लावायला जागा होती. म्हणून पहिल्या दिवसापासून वर सिलिकॉनचं कव्हर घालणार आहे.

दुकानात जाऊन झाकण कोपऱ्याला धरून उघडलं. पातळचं धातूचं, अजिबात हललं नाही. जाडचं किंचित हललं, पण पुस्तिकेत बघितलं तर बिजागरीच्या खाली धातूची पट्टी आहे, स्क्रू तिच्यात जातात. बाबा सोबत होते. त्यांनी आयुष्यभर विहिरीवरचे पंप खोलले. दोन्ही मशीन उलटीपालटी करून म्हणाले, ‘उघडता येस ते ले.’

जाडच घेतलं. दुसऱ्या १६ जीबीच्या पट्टीसकटसुद्धा ३२ च्या पातळपेक्षा स्वस्त पडलं. बॅटरी कमी पडणार हे माहीत आहे. माझ्या कामाला साधारण १२ वॉट लागतात असं भावाच्या मशीनवर दिसलं, म्हणजे ५२ मध्ये चार तास, ८० टक्क्यांचं बंधन ठेवलं तर साडेतीनही नाहीत. म्हणून ६५ वॉट देणारी वीस हजार एमएएचची पॉवरबँक घेतली, तिच्यातून कागदावर ७४ वॉट-तास, घट जाऊन साठेक मिळाले तरी दुपार निघते. बॅगेचं वजन त्याने वाढलं आणि भुसावळच्या भाऊंचा खांद्याचा मुद्दा खरा ठरला. पण पॉवरबँक झाडाखाली ठेवून मोजणीला जाता येतं.

पट्टी गुरुवारी येते आहे. आधी एका पट्टीवर आणि मग दोन्ही स्लॉट भरून, अडावदच्या त्याच फाइलवर ड्रोनचा नकाशा उघडायला किती वेळ लागतो ते मोजते आणि दोन्ही आकडे इथे टाकते. धुळेकर दादा, तापमान कुठल्या सॉफ्टवेअरने बघू तेवढं सांगा.