मदत हवी आहे : 'फँड्री'तला कॅमेरा पोरांना कसा समजावू?

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याला एक सिनेमा दाखवतो. या वेळी नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013) ठरलाय आणि नंतर नववी-दहावीच्या पोरांशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

गोष्ट सांगणं सोपं. पण गावातलं डुक्कर पकडायला लागलेलं दलित कुटुंब, त्यातला शाळकरी पोरगा जब्या; डुक्कर समोर असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या, घरचे सगळे जागच्या जागी उभे राहतात. कुणी शब्द बोलत नाही, तरी आवंढा येतो. नंतर डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड तर थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्याच अंगावर! हे सगळं चौकटीतून कसं साधतं, ते त्यांच्या भाषेत कसं सांगू? ('मिज-आं-सेन', म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवलंय त्याची मांडणी, असं म्हटलं की झोपतील.)

जोडीला इराणी दिग्दर्शक माजिद मजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'चा (1997) शेवट दाखवावा म्हणतोय. बूट तिसऱ्या नंबराला होते, म्हणून शर्यत जिंकूनही ते न मिळालेल्या छोट्या अलीचे सोललेले पाय पाण्यात, भोवती मासे. पण तिथे नुसती गरिबी, इथे जातही. तुलना ओढूनताणून होईल का?

कुणी असा वर्ग घेतला असेल तर पहिला प्रश्न कोणता विचारलात, तेवढं तरी सांगा. रविवारच्या आत हवंय.