व्यक्तिमत्त्वाची सुरुवात फ्रॉइडपासूनच का?

मोजपट्टी (धागाकर्ता)

व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांवरचं जवळपास कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, क्रम ठरलेला असतो. आधी फ्रॉइड, युंग, ॲडलर. मग मॅस्लो आणि रॉजर्स. मग स्किनर, बंडुरा. आणि परीक्षा तोंडावर आली की घाईघाईत गुणसिद्धांत. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करावा आणि फ्रॉइड-युंग-ॲडलर यांना इतिहासाच्या प्रकरणात बसवावं.

गुणसिद्धांत म्हणजे व्यक्तिमत्त्व टिकाऊ, मोजता येणाऱ्या गुणांत मांडणं. त्याचा पाया साधा आहे. माणसामाणसांतले जे फरक व्यवहारात महत्त्वाचे ठरतात, त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतातच. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. त्यांतले साधारण साडेचार हजार टिकाऊ स्वभावगुण सांगणारे होते. कॅटेलनं ती यादी आटवत आटवत शेवटी १६ घटकांची चाचणी बनवली. १९६१ मध्ये ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना वेगवेगळ्या नमुन्यांवर घटक विश्लेषण (एकत्र वरखाली होणारे गुण गटांत बांधण्याची सांख्यिकी पद्धत) केलं, तेव्हा दरवेळी पाचच घटक वर आले. आज आपण त्यांना बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबद्दलचा खुलेपणा म्हणतो.

जुळ्यांच्या अभ्यासांत या गुणांमधल्या फरकांपैकी ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. कर्तव्यदक्षतेवरून कामातली कामगिरी आणि आयुर्मान यांचा थोडाफार अंदाज बांधता येतो. आता फ्रॉइडच्या इडिपस गंडाचं घ्या, म्हणजे लहान मुलाला आईची ओढ आणि वडिलांबद्दल वैर वाटतं ही कल्पना: नेमकं कुठलं निरीक्षण आलं तर तो चुकीचा ठरेल? मुलगा वडिलांचा द्वेष करत असेल तर गंड सिद्ध, प्रेम करत असेल तर द्वेष दडपलाय म्हणून पुन्हा सिद्ध. असा सिद्धांत पहिल्या प्रकरणात का?

संदर्भबिंदू

"थोडाफार अंदाज" हे दोन शब्द तुम्ही फार पटकन ओलांडलेत. वॉल्टर मिशेलनं १९६८ मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडला, तेव्हा चाचणीतला गुण आणि प्रत्यक्ष वर्तन यांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) बहुतेक वेळा ०.३० च्या आतच निघत होता. त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे वर्तनातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के गुणावरून कळतात.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९२८ मध्ये, हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवणूक करण्याच्या वेगवेगळ्या संधी देऊन पाहिलं होतं. परीक्षेत नक्कल करणारं मूल खेळात खोटं बोलेलच असं नव्हतं. "प्रामाणिकपणा" हा एकसंध गुण तेव्हाही हाती लागला नाही. तुमच्या पाच गुणांच्या पट्ट्या माणूस वर्गात, घरात आणि अनोळखी जमावात वेगळा का वागतो, याचं उत्तर देतच नाहीत.

मोजपट्टी

०.३० चा आकडा बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. त्यात दोन गफलती आहेत.

पहिली: एका प्रसंगातलं वर्तन म्हणजे एका प्रश्नाची चाचणी. तिच्यात गोंगाट असणारच. समजा दोन सुट्या प्रसंगांतला सहसंबंध ०.२० आहे. प्रसंग वाढले की सरासरी किती भरवशाची होते हे सांगणाऱ्या स्पिअरमन-ब्राउनच्या सूत्रात १२ प्रसंगांची सरासरी घाला: १२ × ०.२० भागिले (१ + ११ × ०.२०), म्हणजे २.४ भागिले ३.२, म्हणजे ०.७५. सायमूर एप्स्टाइननं १९७९ मध्ये लोकांच्या रोजच्या नोंदी घेऊन हेच दाखवलं. एका दिवसावरून दुसऱ्या दिवसाचा अंदाज फसतो, पण अनेक दिवसांची सरासरी बऱ्यापैकी स्थिर असते. हार्टशोर्न-मे यांच्या चाचण्याही एकत्र केल्या की सहसंबंध वाढतो.

दुसरी: ०.३० लहान म्हणायचं तर कशाच्या तुलनेत? फंडर आणि ओझर यांनी १९८३ मध्ये परिस्थितीचा जोर दाखवणाऱ्या गाजलेल्या प्रयोगांचे निकाल, मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगासकट (सांगितलं म्हणून लोक दुसऱ्याला विजेचे झटके देतात का), सहसंबंधाच्या भाषेत बदलून पाहिले. ते ०.४० च्या आसपास आले. परिस्थितीही काही सगळं सांगून टाकत नाही.

संदर्भबिंदू

सरासरीचा मुद्दा मान्य. पण सरासरी काढताना तुम्ही जे पुसून टाकता, तेच तर व्यक्तिमत्त्व आहे असं मिशेलचं नंतरचं म्हणणं होतं.

शोडा, मिशेल आणि राइट यांनी एका उन्हाळी शिबिरात प्रत्येक मुलाचं सरासरी १६७ तास निरीक्षण केलं. प्रसंग पाच प्रकारचे वेगळे काढले: सवंगड्यानं चिडवलं, सवंगडी आपणहून बोलायला आला, मोठ्यांनी कौतुक केलं, मोठ्यांनी ताकीद दिली, मोठ्यांनी शिक्षा केली. आता दोन मुलांची आक्रमकतेची सरासरी सारखीच धरा. एक चिडवल्यावर उसळतो आणि ताकीद मिळाली की गप्प बसतो. दुसरा नेमका उलटा. पट्टीवर दोघं एकाच खुणेवर, पण त्यांना सांभाळायची पद्धत पूर्ण वेगळी लागेल. आणि ही "असं झालं तर तसं" नक्षी बऱ्याच मुलांत पुन्हापुन्हा तशीच दिसली, म्हणजे तिला गोंगाट म्हणून सोडूनही देता येत नाही.

शिवाय गुणाला कारण म्हणून वापरण्याची खोड. तो वेळेवर का येतो? कर्तव्यदक्ष आहे म्हणून. कर्तव्यदक्ष कशावरून? वेळेवर येतो म्हणून. इडिपसवर हसताना हेही आठवू द्या.

तळघर

इडिपस गंड धरून सगळ्या मनोगतिक (फ्रॉइडपासून आलेल्या, अबोध मनावर भर देणाऱ्या) परंपरेला झोडपणं सोपं आहे. तो आज फारसा कुणी शब्दशः मानत नाही. पण त्या परंपरेचा एक दावा टिकला आहे, आणि तो तुमच्या पट्टीच्या बरोबर मुळाशी जातो: माणसाला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं ते अपुरं असतं.

१९७९ चा वाइनबर्गर, श्वार्ट्झ आणि डेव्हिडसन यांचा प्रयोग पाहा. प्रश्नावलीत "मला चिंता फारशी वाटत नाही" म्हणणारे लोक त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाचे समाजमान्य दिसण्याच्या मापनावरचे अंक कमी, दुसऱ्याचे जास्त. मग दोन्ही गटांना ताण देणाऱ्या वाक्यांशांवर सुचेल ते बोलायला लावलं आणि हृदयगती, त्वचेची विद्युत्-प्रतिक्रिया, कपाळाच्या स्नायूंचा ताण मोजला. पहिला गट खरोखर शांत होता. दुसऱ्याचं शरीर मात्र खवळलेलं. प्रश्नावलीच्या लेखी दोघांची "चिंता कमी".

मॅक्लेलंड यांचंही तेच. चित्र पाहून सांगितलेल्या गोष्टींतून मोजलेली यशाची प्रेरणा आणि प्रश्नावलीतली यशाची प्रेरणा यांचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नसतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या वर्तनाचा अंदाज देतात. "अबोध" हा शब्द खटकत असेल तर दुसरा घ्या, पण ती खोली घरात आहे.

मोजपट्टी

त्याला उपाय आहे: स्वतःच्या उत्तरांबरोबर त्या माणसाला नीट ओळखणाऱ्या दोघा-तिघांकडून तीच प्रश्नावली भरून घ्या. आतली चिंता माणूस स्वतः बरी सांगतो; हुशारी, सर्जनशीलता अशा मिरवण्याच्या गोष्टी इतर लोक बऱ्या सांगतात. आणि चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावण्याच्या पद्धतीचे अंक द्यायला किती प्रशिक्षण लागतं, दोन परीक्षक प्रशिक्षणाशिवाय किती वेगळे अंक देतात, हेही त्याच दमात सांगा.

शंकासुर

मधेच विचारतो. लोकांमध्ये सगळ्यात जास्त चालते ती चार अक्षरांची, सोळा प्रकारांची चाचणी. तिच्यावर दोन्ही पक्ष गप्प का?

आकडेमोड

कारण तिच्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. तरी हिशेब मांडतो.

ही चाचणी म्हणजे एमबीटीआय. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी युंगच्या १९२१ च्या मांडणीवरून बनवली. प्रत्येक पट्टी मधोमध कापून माणसाला एका बाजूला ढकललं जातं. अडचण अशी की या पट्ट्यांवरचे अंक दोन ढिगांत पडत नाहीत. बहुतेक माणसं मध्याजवळच असतात. मध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकमेकांसारखे असूनही त्यांना विरुद्ध अक्षरं मिळतात, आणि एकाच बाजूचे दोघे खूप वेगळे असूनही एकच अक्षर.

समजा काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर एकेक अक्षर टिकण्याची शक्यता ८५ टक्के आहे. हे काही वाईट नाही. पण चारही टिकण्याची शक्यता ०.८५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ५२ टक्के. निम्म्या लोकांचा "प्रकार" बदलणार, आणि माणूस तोच.

मॅक्रे आणि कॉस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवलं की या चार पट्ट्या पाचांपैकी चार गुणांशी जुळतात. सुटतो तो भावनिक अस्थिरतेचा. म्हणूनच निकाल वाचून कुणी दुखावत नाही, आणि म्हणूनच ती खपते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररनं ३९ विद्यार्थ्यांना राशिभविष्याच्या धाटणीचं एकच वर्णन "तुमचं खास विश्लेषण" म्हणून वाटलं होतं. अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ मिळाले. "अगदी मीच!" हा पुरावा नव्हे.

आता पाच गुणांच्या चाचणीवाल्यांनीही फार ताठ चालू नये. वापरताना होणाऱ्या चुका:

उलटे प्रश्न उलटवायचे राहतात. पाच पर्यायांच्या प्रश्नात "मी पसारा करतो" याचं उत्तर ६ मधून वजा करूनच कर्तव्यदक्षतेत मिळवायचं. हे विसरलं की विश्वसनीयतेचा गुणांक (चाचणी किती सुसंगत मोजते त्याचा आकडा) कोसळतो, कधी ऋणही येतो. आणि उलटे प्रश्न मुळातच ठेवले नाहीत, तर सगळ्याला "हो" म्हणणारा माणूस पाचही गुणांत उंच दिसतो.

मापनातली चूक धरलीच जात नाही. सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० असलेल्या पट्टीवर विश्वसनीयता ०.८० असेल तर प्रमाण त्रुटी साधारण ४.५. ती दोन्ही बाजूंना दुप्पट धरली की ५५ अंक मिळालेल्या माणसाचा खरा अंक ४६ ते ६४ मध्ये कुठेही असू शकतो. दोन माणसांच्या अंकांत १२-१३ पेक्षा कमी फरक असेल तर "हा त्याच्यापेक्षा जास्त कर्तव्यदक्ष" हे वाक्य लिहूच नये. निवडीच्या मुलाखतीत दोन-तीन अंकांवर उमेदवार गाळणं हा निव्वळ अडाणीपणा.

तळघर

एक दुरुस्ती. युंगचे प्रकार आठ होते, दोन वृत्ती (अंतर्मुख, बहिर्मुख) आणि मनाची चार कार्यं (विचार, भावना, संवेदन, अंतःप्रेरणा) मिळून. चौथी पट्टी मायर्स-ब्रिग्ज यांची भर. सोळा खणांचं खापर युंगवर नको.

एकेकटा

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय: हजार माणसांमधल्या फरकांतून निघालेले पाच घटक एका माणसाच्या आतही तसेच असतात. हे आपोआप होत नाही. बोर्केनाउ आणि ओस्टेनडॉर्फ यांनी २२ जणांकडून ९० दिवस रोज नोंदी घेतल्या आणि प्रत्येकाचं वेगळं घटक विश्लेषण केलं. बऱ्याच जणांची रचना पाच घटकांच्या साच्यात नीट बसली नाही.

एका माणसाला समजून घ्यायचं असेल तर जॉर्ज केलीची १९५५ मधली जाळी-पद्धत घ्या. क्रम असा. त्या माणसाच्या आयुष्यातली आठ-दहा माणसं लिहा: तो स्वतः, त्याला जसं व्हायचंय तो, आई, वडील, जवळचा मित्र, न आवडणारा कुणी, आदर वाटणारा कुणी. त्यांतली तीन निवडून विचारा, "यातले दोघं कशात सारखे आणि तिसऱ्यापेक्षा वेगळे?" उत्तराची दोन्ही टोकं त्याच्याच शब्दांत टिपा. त्रिकुटं बदलत दहा-बारा जोड्या जमवा. मग प्रत्येक माणसाला प्रत्येक जोडीवर १ ते ७ अंक द्यायला सांगा. "मी" आणि "मला व्हायचंय तो" यांच्यातलं अंतर, आणि "मी" कुणाच्या जवळ बसतो, हे आधी पाहा.

बिघडतं कुठे? विचारणारा शब्दकोशातला विरुद्धार्थी शब्द सुचवतो. "मनमिळाऊ"च्या दुसऱ्या टोकाला त्या माणसाच्या मनात "माणूसघाणा" नसून "स्वतःचं मत असलेला" असू शकतं, आणि सगळा उलगडा तिथेच असतो. दुसरं, "उंच-ठेंगणा" छाप जोड्या आल्या की तिथेच थांबतात. "यातलं काय बरं, आणि का?" असं विचारत वर चढायला हवं.

मोजपट्टी

छान संभाषण होईल. पण दोन माणसांच्या जाळ्यांची तुलना कशी करायची? आणि महिन्याभरानं त्याच माणसाकडून त्याच जोड्या किती निघतात?

एकेकटा

प्रत्येक पद्धतीकडून तुलनेचीच मागणी का? उपचारात त्या माणसाची तुलना त्याच्याशीच असते. रॉजर्सच्या गटानं १९५४ मध्ये तेच केलं. १०० वाक्यांची कार्डं "मी असा आहे" आणि "मला असं व्हायचंय" अशी दोनदा लावून घेतली. उपचारापूर्वी दोन मांडण्यांतला सरासरी सहसंबंध शून्याजवळ होता, नंतर ०.३४. हा आकडाच आहे, आणि पट्टीविना आलाय. (केलीच्या जोड्या बदलतात हे खरं, बदल टिपणं हाच हेतू असेल तर तो दोष धरायचा का?)

शंकासुर

आणि पाचाचा आकडा सार्वत्रिक आहे का? बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांमधल्या ६३२ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, तिथे पाच घटक नीट निघाले नाहीत. ॲश्टन आणि ली अनेक भाषांतले शब्द तपासून सहावा, प्रामाणिकपणा-नम्रतेचा, घटक मागतात. हार्टशोर्न-मे यांना न सापडलेला गुण तिथे दारातून परत येतो, हे गमतीचं.

तळघर

मूळ मुद्द्यावर येतो. रोगनिदानात काय झालं पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीनं, आयसीडी-११ नं, व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार जवळपास सगळे काढून टाकले. सीमावर्ती (बॉर्डरलाइन) आकृतिबंध तेवढा जोड म्हणून ठेवला. मोजपट्टी म्हणतील, गुणांचा विजय. पण आधी ठरवायची ती तीव्रता: सौम्य, मध्यम, गंभीर. ती ठरते माणसाची स्वतःबद्दलची जाणीव किती सुसंगत आहे आणि त्याची नाती किती टिकतात यांवरून. पाच गुणक्षेत्रं त्यानंतर, तीही ऐच्छिक. तीव्रतेची ही कल्पना मनोविश्लेषक ऑटो केर्नबर्ग यांच्या व्यक्तिमत्त्व-संघटनेच्या पातळ्यांच्या फार जवळची आहे, आणि केर्नबर्ग सरळ फ्रॉइडच्या वंशातले.

मोजपट्टी

वंशावळ हा पुरावा होत नाही. तपासायची रीत सोपी: पाच गुणांचे अंक आधी समीकरणात घाला, नंतर तीव्रता घाला, आणि नोकरी सुटणं, नाती तुटणं, स्वतःला इजा करणं यांचा अंदाज किती सुधारतो ते पाहा. सुधारणा ठोस असेल तर केर्नबर्ग पहिल्या प्रकरणात घ्यायला माझी हरकत नाही. इडिपस तिथे तरीही नको.

तळघर

मान्य, फक्त तीव्रता प्रश्नावलीवरून न मोजता प्रशिक्षित माणसानं मुलाखत घेऊन ठरवायची. नाहीतर १९७९ च्या प्रयोगातला तो दुसरा गट पुन्हा "सौम्य" म्हणून सुटेल.