फायरफॉक्समध्ये पान रिफ्रेश केल्यावर सबमिट बटण बंदच राहते

अर्जलेखक यांचा प्रश्न

एका नोंदणी अर्जाचे काम माझ्याकडे आहे. सबमिट बटणावर लागोपाठ दोनदा क्लिक होऊन एकच नोंद दोनदा जाऊ नये, म्हणून फॉर्मच्या सबमिट इव्हेंटमध्ये (फॉर्म पाठवला जाताना ब्राउझर कोडला देतो त्या सूचनेत) मी ते बटण जावास्क्रिप्टने डिसेबल, म्हणजे बंद, करतो. क्रोममध्ये ही व्यवस्था नीट चालते. फायरफॉक्समध्ये मात्र नेटवर्क संथ असल्यामुळे वापरकर्त्याने पाठवणे मध्येच थांबवून एफ५ दाबले, की पान नव्याने येते, पण बटण राखाडी आणि बंदच दिसते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोडमधील चुका दाखवणाऱ्या खिडकीत, एकही त्रुटी नाही. बटण सुरू करण्याची ओळ कोठे चुकली असेल म्हणून सगळा कोड पाहिला, परंतु पान उघडताना बटण डिसेबल करणारी कोणतीच ओळ त्यात नाही.

याच अर्जात विभाग आणि उपविभाग अशा दोन निवडयाद्या आहेत. पहिलीत निवड झाली की तिच्या चेंज इव्हेंटवर (निवड बदलल्याच्या सूचनेवर) दुसरी भरते. फायरफॉक्समध्ये रिफ्रेश केल्यावर पहिलीत आधीची निवड टिकून असते आणि दुसरी रिकामी असते. या दोन तक्रारींचे मूळ एकच असावे अशी शंका आहे, पण ते मूळ सापडत नाही.

कंसातला यांचे उत्तर

निदानाआधी काही गोष्टी तपासून कळवाव्यात. पहिली म्हणजे, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान सक्तीने नव्याने मागवले तर बटण सुरू होते का? दुसरी म्हणजे, कंट्रोल-यू दाबून दिसणाऱ्या मूळ एचटीएमएलमध्ये बटणावर डिसेबल्ड हा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेला गुण) आहे का, आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे पानाची या क्षणीची रचना दाखवणाऱ्या साधनात, तो दिसतो का? या दोन ठिकाणी वेगवेगळे उत्तर आले तर सर्व्हर आणि कॅशे (ब्राउझरने जपून ठेवलेली पानाची प्रत) या दोघांवरचा संशय बराचसा दूर होईल. एखाद्या एक्स्टेंशनचा हात नाही याची खात्री करण्यासाठी ट्रबलशूट मोडमध्येही, म्हणजे एक्स्टेंशन बंद ठेवून, पाहावे.

अर्जलेखक

सक्तीने रिफ्रेश केल्यावर बटण सुरू होते. मूळ एचटीएमएलमध्ये डिसेबल्ड नाही, इन्स्पेक्टरमध्ये मात्र आहे. ट्रबलशूट मोडमध्येही हेच घडते.

जुना_कोडर यांचे उत्तर

मग निदान जवळजवळ झालेच. साधे रिफ्रेश करताना वापरकर्त्याने भरलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून फायरफॉक्स फॉर्ममधील घटकांची स्थिती जपून ठेवतो आणि पान पुन्हा आले की ती त्या त्या घटकाला परत देतो. लिहिलेला मजकूर, टिक केलेले चौकोन आणि यादीतील निवड यांबाबत हे सोयीचेच आहे. अडचण अशी की जावास्क्रिप्टने बदललेली डिसेबल्ड स्थितीदेखील तो याच जपलेल्या गोष्टींत धरतो. त्यामुळे सर्व्हरकडून बटण चालू अवस्थेत आले, तरी ब्राउझर त्यावर आधीची बंद अवस्था चढवतो. क्रोम डिसेबल्ड स्थिती अशी परत आणत नाही, म्हणून तेथे आपल्याला काहीच जाणवले नाही. हे वर्तन दस्तऐवजांत नोंदवलेले आहे आणि फार जुने आहे. फायरफॉक्सच्या पुढच्या आवृत्तीत ते आपोआप बदलेल या आशेवर काम अडवून ठेवू नये.

निवडयाद्यांचे कोडेही यातूनच सुटते. फायरफॉक्स पहिल्या यादीत जुनी निवड परत बसवतो, पण तसे करताना चेंज इव्हेंट पाठवत नाही. आपला कोड त्या इव्हेंटची वाट पाहत राहतो आणि दुसरी यादी भरलीच जात नाही.

सर्वांत थोडक्यातला उपाय म्हणजे बटणावर ऑटोकम्प्लीट हा ॲट्रिब्यूट ऑफ या किमतीने लिहिणे. तसे केल्यावर फायरफॉक्स त्या घटकाची स्थिती जपत नाही. परंतु बटणावर हा ॲट्रिब्यूट प्रमाण एचटीएमएलमध्ये बसत नाही, त्यामुळे एचटीएमएल तपासणारी साधने त्यावर आक्षेप घेतील. फॉर्म टॅगवर तो प्रमाण आहे आणि तेथे लिहिल्यास फॉर्ममधील सर्वच घटकांना लागू होतो.

सावधपणे यांचे उत्तर

निदान पटते, पण संपूर्ण फॉर्मवर ऑटोकम्प्लीट बंद करण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. एका बटणासाठी नाव, ईमेल आणि पत्ता आपोआप भरला जाण्याची सोय काढून घेतली जाते, शिवाय रिफ्रेश झाल्यावर वापरकर्त्याने भरलेले सर्व काही जाते. लांबलचक अर्जात हा व्यवहार महागात पडतो.

दुसरे असे की ही तक्रार केवळ फायरफॉक्सची आहे हे अर्धेच खरे आहे. अर्ज पाठवून पुढच्या पानावर जावे आणि तेथून ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबावे. पान बॅक-फॉरवर्ड कॅशेमधून, म्हणजे मागे-पुढे जाताना लगेच दाखवता यावे म्हणून ब्राउझरने स्मृतीत जसेच्या तसे ठेवलेल्या पानांतून आले, तर जावास्क्रिप्टच्या स्थितीसह ते जसेच्या तसे उभे राहते, म्हणजे बंद बटणासह. फायरफॉक्स आणि सफारीमध्ये हा कॅशे अनेक वर्षांपासून आहे, आणि क्रोमने तो 2021 मध्ये, 96 व्या आवृत्तीपासून, डेस्कटॉपवरही सर्वांसाठी सुरू केला. आपल्या चाचणीत क्रोम निर्दोष दिसला तो कदाचित फक्त एफ५ दाबून पाहिल्यामुळे.

म्हणून स्थिती ब्राउझरवर न सोपवता आपणच ठरवावी. विंडोवरील पेजशो हा इव्हेंट पान पहिल्यांदा उघडताना, रिफ्रेश झाल्यावर आणि कॅशेमधून परत आल्यावर, अशा तिन्ही वेळी येतो. लोड इव्हेंट मात्र कॅशेमधून परतताना पुन्हा येत नाही, आणि बहुतेकांचा कोड येथेच फसतो. पेजशोमध्ये बटणाचा डिसेबल्ड हा गुणधर्म फॉल्स करावा आणि पहिल्या यादीची त्या क्षणीची किंमत वाचून दुसरी यादी भरावी. यादी भरण्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवले, तर चेंज इव्हेंट आणि पेजशो या दोन्ही ठिकाणांहून तेच फंक्शन बोलावता येते. पान कॅशेमधून आले आहे का हे कळणे आवश्यक असेल, तर इव्हेंटचा पर्सिस्टेड हा गुणधर्म पाहावा. आपल्या कामाला त्याची गरज दिसत नाही.

अर्जलेखक

पेजशोने दोन्ही तक्रारी मिटल्या, आणि मागे येण्याची अडचण क्रोममध्येही खरोखरच दिसली. आता एक शंका उरते. अर्जात मसुदा जतन करा आणि पाठवा अशी दोन सबमिट बटणे होणार आहेत, आणि कोणते दाबले हे सर्व्हरला बटणाच्या नावावरून कळायचे आहे. डिसेबल करण्याची हीच पद्धत तेथे चालेल का?

जुना_कोडर

चालणार नाही. डिसेबल असलेल्या घटकाचे नाव आणि किंमत सर्व्हरला पाठवली जात नाही, आणि पाठवायच्या माहितीची यादी सबमिट इव्हेंटनंतर तयार होते. त्या इव्हेंटमध्येच दाबलेले बटण बंद केले, तर ते यादीतून गळते. क्लिक इव्हेंटमध्ये बंद केले तर क्रोममध्ये फॉर्म मुळात जातच नाही, त्यामुळे तो मार्ग तर मनातही आणू नये.

दोन बटणे असतील तेव्हा मी डिसेबल्डला हात लावत नाही. फॉर्म पाठवला गेला आहे असे सांगणारे एक साधे व्हेरिएबल ठेवतो, आणि दुसरा सबमिट इव्हेंट आला की ते पाहून प्रिव्हेंट-डिफॉल्टने (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणाऱ्या आज्ञेने) तो अडवतो. बटण राखाडी दिसावे म्हणून एक सीएसएस क्लास, आणि स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी) एरिया-डिसेबल्ड (aria-disabled) हा ॲट्रिब्यूट. रिफ्रेश झाल्यावर व्हेरिएबल आपोआप कोरे होते, पण बॅक-फॉरवर्ड कॅशेमध्ये तेही जिवंत राहते, म्हणून पेजशोमध्ये ते, तो क्लास आणि एरिया-डिसेबल्ड, तिन्ही पूर्ववत करणे आवश्यक आहे.

सावधपणे

यात एक भर घालतो. ब्राउझरमधील ही सर्व व्यवस्था वापरकर्त्याच्या सोयीची आहे, दुहेरी नोंदीपासून खरे संरक्षण तिने होत नाही. जावास्क्रिप्ट बंद असेल, किंवा पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचूनही उत्तर परत आले नसेल, तर तीच नोंद पुन्हा येणारच. फॉर्म देताना सर्व्हरने एकदाच वापरायचे एक टोकन (ओळखीचा सांकेतिक मजकूर) लपलेल्या फील्डमध्ये द्यावे, आणि तेच टोकन दुसऱ्यांदा आले तर नवी नोंद न करता पहिल्या नोंदीचे उत्तर द्यावे. ते टोकन जावास्क्रिप्टने बदलत असाल, तर त्या लपलेल्या फील्डवर मात्र ऑटोकम्प्लीट ऑफ अवश्य लिहावे, कारण फायरफॉक्स रिफ्रेशनंतर लपलेल्या फील्डचीही जुनी किंमत परत बसवतो, आणि मग सर्व्हरने दिलेले ताजे टोकन कधी वापरलेच जात नाही.