केळीवर करपा, बाग निसवतेय – पानं कापू का? मदत हवी आहे

रामराम मंडळी. रावेरकडे ग्रँड नैन जातीच्या केळीची कांदेबाग (पावसाळा सरताना केलेली लागवड) आहे, निसवण सुरू झालीय, म्हणजे घड बाहेर पडतायत. सततच्या पावसाने सिगाटोका करपा (पानांवरचा बुरशीचा रोग) खालच्या पानांवरून वर चढतोय. आधी शिरांना समांतर बारीक पिवळ्या रेघा, मग तपकिरी लांबट ठिपके. जुन्या ठिपक्यांचा मध्य राखाडी, भोवती पिवळी कड. काही पानं कडेकडून पार वाळलीत.

अडचण अशी, की रोगट पानं ठेवली तर बुरशीचे बीजाणू उडत राहणार, आणि कापत सुटलो तर घड पोसायला पानं उरायची नाहीत. पान गेलं की माल झाडावरच पिकतो, मग व्यापारी भाव पाडायला मोकळा! पूर्ण पान काढावं की फक्त करपलेला भाग? झाडावर किमान किती हिरवी पानं राहू द्यायची?

दुकानदार दरवेळी प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशकच देतो. एकच औषध सारखं मारून बुरशी दाद देईनाशी होते, म्हणून आलटून पालटून दुसरं कोणतं घेता? सोबत मिनरल ऑइल घालता का? आणि कापलेली पानं बागेतच कुजवता की बाहेर नेता? यंदा ज्यांनी करपा आटोक्यात आणलाय त्यांनी जरूर सांगा.